तीन महिन्यांपूर्वी

रविवारी सकाळी बाथरूमचं पाणी तुंबलं. माणिक राऊळने पदर खोचला, जाळी उचलली आणि भोकात दोन बोटं घातली. काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. तिने ओढलं तर ते येतच राहिलं. मेलेला उंदीर समजून तिने ते फरशीवर टाकलं आणि दोन पावलं मागे सरली. मग वाकून नीट बघितलं.

केस होते. दोन्ही मुठींत मावले नसते एवढे.

घरात त्या वेळी माणसं तीन. तिच्या नवऱ्याच्या, श्यामसुंदरच्या, डोक्यावर कानांभोवतीची झालर तेवढी उरलेली. माणिकचे स्वतःचे केस मेंदीने तांबडे झालेले. मुलगा देवेश कंपनीच्या नव्या प्लांटवर सुरतेला असायचा, पंधरा दिवसांनी यायचा. हे काळेभोर, हातभर लांब केस सुनेचेच.

"गंधाली," तिने हाक मारली.

गंधाली स्वयंपाकघरातून आली. डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली होती. महिनाभर ती तशीच वावरत होती; विचारलं तर सर्दी म्हणायची. फरशीवरचा गोळा बघून ती दारातच थांबली.

"आई, मी काढणार होते ते. राहून गेलं."

"हे सगळे तुझे?"

"हो."

"कधीपासून चाललंय हे?"

"महिना झाला असेल."

"सोड बघू केस."

गंधालीने ओढणी काढली, मागची क्लिप उघडली. माणिकला आठवत होती ती मनगटाएवढी जाड वेणी. सहा वर्षांपूर्वी मुलगी बघायला देवगडला गेले होते, तेव्हा नणंद विमला तिच्या कानाशी लागून म्हणाली होती, "चेडवाचे केस बघलंस?" आता खांद्यावर पडली ती करंगळीएवढी बट. भांग बोटभर रुंद झाला होता. कानशिलांवर तर खिडकीतून आलेलं ऊन थेट कातडीवर चमकत होतं.

माणिकच्या मनात पहिला विचार आला तो वाईटच. एलबीएस रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात तिने चोवीस वर्षं पॅकिंगला काढली होती. तिथली दीप्ती अशीच रुमाल बांधून यायला लागली होती आणि वर्षाच्या आत गेली. महिन्यापूर्वी डाळीत केस सापडला म्हणून आपण या पोरीला काय काय बोललो, तेही तिला आठवलं. "डोकं बांधून स्वयंपाक करायला काय होतं गं तुला?" दुसऱ्या दिवसापासून ओढणी आली होती. सर्दी नव्हतीच.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं," माणिक म्हणाली.

"मी जाईन शाळेतून परस्पर." गंधाली भांडुपच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवायची.

"एकटी कशाला? मी येते."

"खरंच नको, आई. तुम्हाला उगाच दगदग."

"त्यात कसली दगदग? येते म्हटलं ना."

गंधालीने क्लिप लावली आणि फरशीवरचे केस उचलायला वाकली.

*

डॉक्टर किरण ठक्कर यांचा दवाखाना पाच रस्ता नाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर. पन्नाशीच्या बाई, गुजराती वळणाचं पण स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. नंबर आला तशी माणिकही सुनेच्या मागोमाग आत गेली. बाहेर थांबावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांनी गंधालीला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, चिमटीत केसांची बट धरली आणि मुळापासून टोकापर्यंत हलकेच बोटं ओढली. दहा-बारा केस हातात आले. त्यातला एक त्यांनी उजेडात धरला. मुळाशी पांढरा ठिपका होता, मोहरीहूनही बारीक.

"डाएटिंग वगैरे केलं होतं का?"

"छे छे," माणिक म्हणाली. "आधीच खाते कुठे ती."

"थायरॉइड?"

"नाही. त्यांच्याकडे कुणालाच नाही."

"मोठं आजारपण? आज डिसेंबरची आठ. म्हणजे साधारण तीन महिन्यांपूर्वी."

"डेंगी झाला होता ना, गणपतीत," माणिक म्हणाली. "नऊ दिवस अॅडमिट होती. प्लेटलेट्स बावीस हजारांवर आल्या होत्या. आम्ही तर आशाच सोडली होती."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग मान वर न करताच, रोज दहा जणींना विचारायचा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "ऑपरेशन, डिलिव्हरी, अबॉर्शन, असं काही झालंय मध्ये?"

"नाही नाही, तसलं काही नाही," माणिक म्हणाली.

"झालंय," गंधाली म्हणाली.

माणिकला वाटलं, हिने प्रश्न नीट ऐकला नाही. ती सुनेकडे वळली. गंधाली समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेव्हाच. डेंगीच्या तापात, हॉस्पिटलमध्ये. सात आठवडे झाले होते. आपोआप पडलं."

पेन थांबलं. डॉक्टरांनी एकदा गंधालीकडे बघितलं, एकदा माणिककडे, आणि त्यांना समजायचं ते समजलं. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

माणिकला उठायचं होतं. पण तिने खुर्चीचा हात धरला आणि तशीच बसून राहिली.

"असू दे, डॉक्टर," गंधाली म्हणाली. "आता काय."

पुढचं माणिकला तुकड्यातुकड्यांनीच ऐकू आलं. डॉक्टर सांगत होत्या की, शरीराला मोठा हादरा बसला की ते आधी जीव वाचवतं आणि केसांकडे जाणारी ताकद काढून घेतं. केस वाढायचे थांबतात. पण गळतात ते लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणसं आजारपण विसरूनही गेलेली असतात, म्हणून घाबरतात. मुळं शाबूत आहेत, टक्कल पडणार नाही, सहा महिन्यांत परत येतील. रक्तातलं लोह तपासून घ्या, अंडी, कडधान्यं, पनीर पोटात जाऊ द्या.

"झोप लागते?"

"नाही."

"याबद्दल कुणाशी बोललीस?"

"नवऱ्याशी. एकदा."

"तीन महिन्यांत एकदा," डॉक्टर म्हणाल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळा, गोळ्या मी लिहून देते. पण हे असं आत कोंडून ठेवलंस तर गोळ्या काय करणार?"

*

खाली उतरल्यावर औषधांच्या दुकानाच्या अलीकडे एका बंद गाळ्याची पायरी होती. माणिक तिच्यावर बसली. समोरून रिक्षा, स्कूटर, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका जात होत्या. सोमवारची संध्याकाळ होती. सगळं कालच्यासारखंच चाललं होतं आणि तिला त्याचंच नवल वाटत होतं.

गंधाली उभी राहिली. तिच्या हातात फाइल होती.

"देवेशला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

गंधाली म्हणाली, "विसर्जन झालं की सांगणार होतो आम्ही. पाहुण्यांची गर्दी ओसरली की तुम्हाला दोघांना बसवून सांगायचं ठरलं होतं. देवेशने पेढेही आणून ठेवले होते, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला."

माणिकला ते पेढे आठवले. केशरी, खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका. विसर्जनाच्या दिवशी प्रसाद कमी पडायला लागला तेव्हा तिला तो सापडला होता आणि तिने मजल्यावरच्या सगळ्यांना एकेक पेढा वाटला होता. स्वतःही खाल्ला होता. गंधाली तेव्हा दाराला टेकून उभी होती, डोळे लाल, अंगात ताप.

ताप तर चतुर्थीच्या आदल्या दिवसापासूनच होता. चतुर्थीला सकाळी गंधाली म्हणाली होती, "आई, मला बरं वाटत नाहीये." आणि माणिक म्हणाली होती, "व्हायरल आहे गं, सगळ्यांनाच चाललाय. एक गोळी घे आणि बस, मोदकांच्या पातळ कळ्या तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत." एकवीस नैवेद्याचे, पुढे आल्यागेल्यांचे साठ. ती बसली होती. दुसऱ्या दिवशी ऋषीच्या भाजीची चिराचिरी केली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी, गणपती जिन्यावरून खाली उतरत असताना, ती आत स्वयंपाकघरात कोसळली होती.

"तेव्हा नाही तर नाही. हॉस्पिटलमध्ये तरी सांगायचंस," माणिक म्हणाली. "मी रोज येत होते."

"सांगणार होते."

"मग?"

"विमलाआत्या आल्या होत्या त्या दिवशी. तुम्ही दोघी खिडकीपाशी बोलत होतात. तुम्हाला वाटलं मी झोपलेय." गंधालीचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. मुलांना एखादी पायरी समजावून सांगावी तशी ती बोलत होती. "तुम्ही म्हणालात, 'हिच्या अंगात रक्तच नाही, पोर कुठून राहणार हिला.' सकाळीच झालं होतं सगळं. चादर बदलून तासही झाला नव्हता."

"मी असं म्हटलं?"

"हो."

माणिकने आठवायचा प्रयत्न केला. विमलाने नेसलेली पोपटी साडी आठवली. तिची मुलगी मानसी, तिचं लग्न, घाटकोपरचा हॉल मिळत नाही म्हणून चाललेली रड आठवली. गादीवरचे डागही आठवले, चादरीच्या कडेला दिसणारे. तिने विचारलं तेव्हा देवेश म्हणाला होता की प्लेटलेट्स कमी असल्या की असं रक्त जातं. तिने मान डोलावली होती. पण ते वाक्य काही केल्या आठवेना. म्हटलं नसेल असं मात्र तिला वाटलं नाही. ते तिचंच वाक्य होतं. तसं ती कुणालाही, कुठेही म्हणाली असती आणि पुढच्या क्षणी विसरली असती.

"चला आई, अंधार पडेल," गंधाली म्हणाली. "गोळ्या घेते मी, मग रिक्षा करू."

*

देवेशला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. गच्चीवर गेली, श्यामसुंदरला ऐकू जाऊ नये म्हणून.

"तुला माहीत होतं."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तिने सांगितलं तुला?"

"डॉक्टरने विचारलं म्हणून बाहेर पडलं. माझ्या हातचं जेवलास तीन महिने, एका शब्दाने बोलला नाहीस."

"तिने शपथ घातली होती, आई."

"आणि तू? तुला काही झालं नाही?"

एवढा मोठा पस्तिशीचा बाप्या, त्याचं नाक ओढणं तिला स्पष्ट ऐकू आलं. "मी काम मागून घेतलं सुरतचं," तो म्हणाला. "घरात बसवत नव्हतं." सुरतेची बदली कंपनीने लादली म्हणून तीन महिने माणिक कंपनीला शिव्या घालत होती.

त्या आठवड्यात तिची कामं होत राहिली, पण हातून चुका व्हायला लागल्या. दूध उतू गेलं. पोळ्यांच्या कणकेत मीठ दोनदा पडलं. श्यामसुंदरने विचारलं, बरं नाही का, तर ती नाही म्हणाली. गंधाली सकाळी उठून आपल्या खोलीतला केर स्वतः काढायची, उशीवरचे केस गोळा करून कागदात बांधायची, शाळेत जायची. माणिक चोरून बघायची. तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात, खुर्चीच्या पाठीला, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणाला, कुठेही केस दिसला की ती तो गुपचूप उचलायची. तिला सुनेशी काहीतरी बोलायचं होतं. रोज ती ठरवायची आणि रोज तिच्या तोंडून, "अंडं उकडून ठेवलंय," एवढंच यायचं. गंधाली अंडं खायची.

*

शनिवारी दुपारी विमला मानसीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. हळदीकुंकू झालं, अक्षता झाल्या. श्यामसुंदर भावकीतल्या कुणाकडे गेला होता. गंधाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. घरातच होती म्हणून डोक्यावर ओढणी नव्हती.

विमला बघतच राहिली. "गो, ह्या काय? केसांचा काय झाला तुझ्या?"

"गळतायत, आत्या. डेंगीनंतर होतं म्हणे."

"अगो, पण लग्नात अशी येतलंस? वरपक्षाकडची माणसा काय म्हणतली? गंगावन लाव हां चांगला." मग ती माणिककडे वळली आणि गंधाली तिथे नसल्यासारखीच बोलायला लागली. "वैनी, माका विचारशीत तर हिका नीट तपासून घे. केस असे जातत म्हणजे आत काय तरी बिघाड आसा. सहा वर्षां झाली लग्नाक. अजून काय नाय..."

"वन्सं," माणिक म्हणाली.

तिचा आवाज ऐकून विमला थांबली.

"तिचं पोर गेलं. गणपतीत. दीड-पावणेदोन महिन्यांचं. अंगात ताप होता तरी मी तिला मोदक वळायला बसवलं होतं. त्यापायी गळतायत हे केस. आता बोला काय बोलायचं ते."

विमलाच्या हातातली बशी हातातच राहिली. गंधालीने ट्रे टीपॉयवर ठेवला. आवाज न होऊ देता ठेवला आणि ती आत निघून गेली. खोलीचं दार लागलं.

विमलाने चहा घेतला नाही. तिने वाकून चपला घातल्या आणि ती जिना उतरली.

माणिक एकटी उरली, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आपण कधी नव्हे ते सुनेच्या बाजूने उभे राहिलो, चारचौघांत आपली चूक कबूल केली, आणखी काय करायचं असतं माणसाने? ती कप उचलायला लागली. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"कुणाला विचारून सांगितलंत?"

गंधालीचा चेहरा पांढरा पडला होता. माणिकने तिला सहा वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

"अगं, त्या तुला वाट्टेल ते बोलत होत्या. मला सहन..."

"मला विचारलंत का? सोमवारी कळलं तुम्हाला. आज शनिवार. पाच दिवसांत मला एकदा तरी विचारलंत, की कशी आहेस गं? आणि आत्यांना एका दमात सांगून मोकळ्या झालात. आता त्या मानसीला सांगतील, मानसी आणखी कुणाला. लग्नात जो भेटेल तो माझ्याकडे बघून च्च च्च करेल. तीन महिने मी ते कुणाच्या हाताला लागू दिलं नव्हतं. माझ्याकडे त्याचं दुसरं काही नाहीये, आई. एक फोटो नाही, काही नाही. एवढंच होतं, की ते माझं होतं. तेही तुम्ही उचलून वाटून टाकलंत."

"मी तुझ्या बाजूने बोलले गं."

"माझ्या बाजूने नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून बोललात."

माणिकला रागही आला असता. जन्मभर कुणी असं बोललं तर तिने त्याला दोन शब्द जास्तच सुनावले होते. पण नुकतंच तिला किती हलकं वाटलं होतं, ते तिलाच ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "तसंच झालं."

गंधालीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती पुढचं काहीतरी बोलायला तयार होऊन उभी होती. ती मागे सरकली, पलंगावर बसली आणि रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. पोटातून, कण्हल्यासारखं, तोंड उघडं ठेवून. माणिक धावत आत गेली आणि तिने हात पुढे केला.

"हात नका लावू."

माणिकने हात मागे घेतला.

"पाणी आणू?"

"काही नका आणू. जाऊ पण नका."

मग माणिक पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. बाहेर चहावर साय धरली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्या झाल्या. गंधाली मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. माणिकने गप्प हो म्हटलं नाही, देव आहे म्हटलं नाही, पुन्हा होईल म्हटलं नाही. ही तिन्ही वाक्यं तिच्या ओठांवर येऊन गेली. कारखान्यात, चाळीत, मयतीला, बाळंतिणीपाशी, ती आयुष्यभर हेच बोलत आली होती.

*

दुसऱ्या दिवशी तिने विमलाला फोन केला. म्हणाली, वन्सं, काल मी जे बोलले ते माझं सांगायचं नव्हतं. कुठे बोलू नका.

"मी कोणाक सांगाक नाय," विमला म्हणाली. "मानसीकसुद्धा नाय."

"बरं झालं."

विमला फोन ठेवीना. मग एकदम म्हणाली, "वैनी, नितेशच्या आधी माझा एक गेलला. चार महिन्यांचा होता. तेव्हा आमी लालबागच्या खोलीत रवत होतो. माझ्या सासूक म्हायत नव्हता, ह्येंकाच काय ता म्हायत. काल तुझ्या घराकडसून निघालंय, ती स्टेशनापर्यंत चलतच गेलंय."

विमलाचा मुलगा नितेश आता बत्तीस वर्षांचा होता. तेहतीस-चौतीस वर्षं ही बाई प्रत्येक बारशाला पुढे होऊन पाळणा म्हणत आली होती, आणि हीच नवीन लग्न झालेल्या पोरींना सगळ्यात आधी विचारायची, काय गो, काय विशेष? माणिक फोन धरून बसून राहिली. तिला कळेना, की आपण ज्यांना इतकी वर्षं ओळखतो असं धरून चाललो, त्यांच्यातलं आपल्याला नक्की काय माहीत आहे.

गंधाली दहा-बारा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. माणिकने ते सोसलं. नाताळच्या सुट्टीत देवेश आला. दोघं दोन दिवस कुठेतरी जाऊन आली, कुठे ते माणिकने विचारलं नाही. परतल्यावर गंधाली पार्लरमध्ये गेली आणि उरलेले केस खांद्यापर्यंत कापून आली. मानसीच्या लग्नाला ती तशीच गेली. गंगावन लावलं नाही, पदर डोक्यावर घेतला नाही. दोघी-तिघींनी विचारलं तेव्हा तिने डेंगी झाला होता म्हणून सांगितलं. जेवणाच्या पंगतीत विमलाने तिच्या ताटात स्वतः जिलबी वाढली आणि क्षणभर तिच्या खांद्यावर हात ठेवला. गंधालीने मान वर करून बघितलं. तिला विमलाचं कळलेलं नव्हतं. माणिकने सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत गळणं कमी झालं आणि मार्चमध्ये जवळजवळ थांबलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड, ताठ केस उभे राहिले, कितीही पाणी लावलं तरी न बसणारे. सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्या बोलण्यात आता अधूनमधून थांबे यायचे. पूर्वी माणिक ते ताबडतोब भरून काढायची. आता ती जीभ आवरायला शिकत होती आणि ते तिला पोळ्या लाटण्याहून जड जात होतं.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारी, माणिक सांडगी मिरच्यांना चिरा देत बसली होती. गंधाली समोर वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होती. पंखा नुसता गरम वारा फिरवत होता. गंधालीने एक पेपर संपवला, गुण मांडले आणि पेन तसंच हातात ठेवून म्हणाली,

"त्या दिवशी एक सिस्टर होती. केरळची. लिन्सी नाव होतं."

माणिकने मिरची खाली ठेवली.

"सकाळी आठच्या सुमाराला मला कळा सुरू झाल्या. देवेश औषधं आणायला खाली गेला होता. मला वाटलं, बेल दाबली तर कुणी ओरडेल. तिने बघितलं आणि पडदा ओढला. तिची ड्यूटी संपली होती, बदलीवाली आली होती, तरी ती गेली नाही. माझा हात धरून उभी राहिली. तिला मराठी धड येत नव्हतं. 'अम्मा किधर?' असं विचारत होती मला."

"मी कुठे होते तेव्हा?"

"खाली. दहाच्या आधी वर सोडत नव्हते ना. तुम्ही पेज घेऊन आठपासून खाली बसलेल्या असायचात. देवेश म्हणाला नंतर."

माणिकला ती बाकडी आठवली, ओळीने लावलेली, स्टीलची, थंडगार. गंधाली पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"मग तिने मला विचारलं, तुला बघायचंय का," ती म्हणाली, आणि थांबली.

माणिकने हात पदराला पुसले. मिरच्यांची परात बाजूला सारली.

"मग?" तिने विचारलं.

आणि गंधाली सांगायला लागली.